पहिला खर्डा कुणी वाचला? नागपूरकरांचे अनुभव

कथा लिहायची आहे, पण वाचायला द्यावी असं जवळ कुणी नाही, हे सांगणारी नवी मंडळी हल्ली खूप भेटतात. तसं पाहिलं तर नागपुरात साहित्याचं वातावरण जुनं आहे. विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून आहे, २००७ चं अखिल भारतीय संमेलन इथेच झालं, बर्डीवर व्याख्यानं आणि कविसंमेलनं चालूच असतात. पण श्रोत्यांत बसणं वेगळं आणि आपली अर्धीकच्ची कथा दुसऱ्याच्या हाती देणं वेगळं. म्हणून हा धागा. काय वाचलंत, कसं वाचलंत, पहिला खर्डा कुणी वाचला आणि त्याच्या कुठल्या बोलण्याचा खरंच उपयोग झाला, ते लिहा. नाव नको, वस्ती आणि काम सांगितलं तरी पुरे.

धरमपेठ, बँकेतून निवृत्त

आवडलेली कथा मी लगेच दुसऱ्यांदा वाचते. पहिल्यांदा गोष्ट कळते, दुसऱ्यांदा तिची बांधणी दिसते. पुस्तक वाचनालयाचं असतं, त्यामुळे बाजूला वही ठेवते आणि प्रत्येक पानाला एवढंच लिहिते: इथपर्यंत वाचकाला काय ठाऊक झालं आणि काय अजून लपलेलं आहे. या वह्यांमधून मला हे दिसलं की चांगली कथा पात्राचा पूर्वेतिहास सहसा सुरुवातीला सांगत नाही. आधी त्या पात्राला अडचणीत टाकते. ते असं का वागतं हा प्रश्न आपल्या मनात आला की मगच भूतकाळ उघडते. कधी कधी एखाद्या कथेचं पहिलं पान मी हाताने उतरवूनही काढते. वाक्य कुठे तोडलंय ते लिहिताना जितकं नीट समजतं तितकं नुसतं वाचताना समजत नाही.

नंदनवन, अभियांत्रिकीची विद्यार्थिनी

आम्ही चार-पाच जण रविवारी सकाळी अंबाझरी बागेत भेटतो. कथा आदल्या रात्री सगळ्यांकडे गेलेली असते. नियम एकच आणि तो कडक आहे: जिची कथा, ती बोलणार नाही. प्रत्येकाने आधी कथा काय आहे असं वाटलं ते सांगायचं, मग कुठे लक्ष उडालं ते. उपाय सुचवायचे नाहीत, हे ठरवलं माझ्या कथेनंतर.

महालातला एक वाडा विकायला निघालाय अशी ती कथा होती. तिघे जण एकाच परिच्छेदावर अडकले: वाड्याचं वर्णन, ओसरी, विहीर, माजघर. एक म्हणाला वर्णन कापून टाक, दुसरी म्हणाली संवादात आण, तिसऱ्याला ते शेवटी हवं होतं. तीन उपाय, तीन दिशांना. मी घरी येऊन त्यातलं काहीच केलं नाही. तिघांना कंटाळा नेमका तिथेच का आला, याचा विचार करत बसले. तोपर्यंत वाडा जाणार आहे हे वाचकाला माहीतच नव्हतं! दलाल येऊन गेल्याचं एक वाक्य खूप पुढे होतं, ते मी वर्णनाच्या आधी आणलं. वर्णनातला एक शब्दही बदलला नाही. पुढच्या रविवारी त्याच विहिरीपाशी आमच्यातल्या एकीचे डोळे भरून आले.

(धागा सुरू करणाऱ्याची टीप: माझ्या मते या धाग्यातला सर्वांत कामाचा अनुभव हाच. वाचकाची तक्रार बहुतेक वेळा खरी असते, पण दुखणं कधी कधी दोन पानं आधी असतं.)

इंदोरा, शाळेत शिक्षक

आमच्या घरी पुस्तकं आली ती दीक्षाभूमीवरून. १९५६ च्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ दरवर्षी लाखो लोक येतात आणि जाताना पुस्तकं घेऊन जातात. लांबून आलेली, हातावर पोट असलेली माणसंही पुस्तकांचे गठ्ठे नेतात. बाबा मला स्टॉलवर सोडायचे आणि म्हणायचे, ‘तूच निवड.’ त्यातली आत्मकथनं वाचून मी शिकलो की भूक सांगायला विशेषणं लागत नाहीत. ताटात काय होतं आणि कुणी किती खाल्लं, एवढं लिहिलं की पुरतं.

माझी पहिली वाचक आई आहे. ती वाचत नाही, ऐकते. रात्री जेवणं झाल्यावर मी मोठ्यानं वाचतो. एकदा कथा संपली तर म्हणाली, ‘मंग ते पोरगी जेवली का नाई?’ पहिल्याच प्रसंगात उपाशी शाळेत गेलेली मुलगी पुढे कुठे आलीच नव्हती. कथा तिचीच होती हे मला त्या प्रश्नानं कळलं. आता ती कथा नव्यानं लिहितोय, तिच्या बाजूनं.

मानेवाडा, खासगी नोकरी

कामाचं सांगतो. दिवाळी अंकाला कथा द्यायची तर ती पावसाळ्याच्या तोंडाशी तयार हवी, दसऱ्याला पाठवून उपयोग नाही. एकच कथा दोन अंकांना पाठवू नका. साभार परत आली तर महिनाभर बाजूला ठेवून पुन्हा वाचा.

इतवारी, हौशी रंगभूमी

माझी पात्रं नागपुरी बोलतात. ‘येऊन राहिलो’, ‘काहून बे’, सगळं. पुण्याची एक वाचक म्हणाली, भाषा कळते, पण कोण बोलतंय ते कळत नाही. मला ते फार पटलं. आजी, नातू, किराणा दुकानदार, सगळ्यांना मी एकच नागपुरी दिली होती. खरं तर १९५६ पर्यंत हे शहर हिंदी-मराठी अशा मोठ्या राज्याची राजधानी होतं, आजही इतवारीत गिऱ्हाईक मराठीत भाव विचारतं आणि शेठ हिंदीत सांगतो. वय, धंदा, घरातली भाषा यांनी प्रत्येकाचं बोलणं बदलतं. आता मी ‘म्हणाला’, ‘म्हणाली’ झाकून संवाद वाचतो. माणूस ओळखू आला तरच तो संवाद ठेवतो.

हिंगणा, कारखान्यात पर्यवेक्षक

माझं मत थोडं वेगळं आहे. अर्धी कथा कुणालाच दाखवू नये. शेवट सापडेपर्यंत ती आपलीही नसते, आणि तेव्हा कुणी ‘छान’ म्हटलं तरी हात थांबतो. पूर्ण झाल्यावर मात्र खुशाल द्या, जितकी कठोर माणसं मिळतील तितकी चांगली.

कामठी, बी. ए. दुसरं वर्ष

माझी कथा पूर्ण आहे. कोळसा खाणीतल्या कामगाराच्या घरातली. घरी कुणी वाचणारं नाही. कुणी वाचेल का? मी कुणाचीही वाचायला तयार आहे.

नंदनवन, अभियांत्रिकीची विद्यार्थिनी

रविवारी सकाळी ये. या वेळी आमच्यातल्या एकीची कथा आहे. ती शनिवारी रात्री तुला मिळेल, नीट वाचून ये आणि कुठे लक्ष उडालं त्या ओळीखाली रेघ मार. त्याच्या पुढच्या रविवारी तुझी घेऊ.