मदत हवी आहे : वावरातल्या निसर्गाशी पुन्हा नातं कसं जोडू?

नमस्कार मंडळी. दहा वर्षं पुण्यात काढून मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी परत आले आहे. मध्यंतरी युरोपातल्या पेगन, म्हणजे निसर्गाला पूजणाऱ्या, लोकांबद्दल बरंच वाचलं. सूर्याच्या चालीवर बेतलेले त्यांचे वर्षाचे आठ सण मनात घर करून बसले. पण त्यांच्या तारखा इथं जुळत नाहीत. ३१ ऑक्टोबरला त्यांचा सुगीचा हंगाम संपून हिवाळा लागतो, आमच्या वावरात तेव्हा कापसाची बोंडं फुटत असतात. २१ जूनला तिकडे भर उन्हाळा, इथं पेरणीची घाई.

मग वाटलं, आपलंच का नको? पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आजी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळायची आणि त्याच्या कानाशी म्हणायची, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." फांदी तोडायच्या आधी झाडाला हात लावून थांबायची. आता आजी नाही, बैलही नाहीत.

सध्या रोज पहाटे धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) मोहाच्या झाडाखाली अनवाणी बसते. दहा मिनिटांतच मन मोबाईलकडे धावतं. काय करू? श्वास मोजू, की नुसते पाखरांचे आवाज ऐकू?

कापसाच्या पहिल्या वेचणीला वावरात दही-भाताचा नैवेद्य कसा ठेवायचा, काय म्हणायचं, हे कोणाच्या घरी अजून होत असेल तर नक्की सांगा. आणि गोंड बांधवांना मनापासून विचारते: तुम्ही पवित्र मानता त्या साजाच्या (ऐनाच्या) झाडापुढे मी तुमच्यासारखे हात जोडलेले चालतील का, की ते तुमचंच राहू द्यावं?