मैत्रिणीच्या कादंबरीच्या पाठीवर मैत्रिणीनंच लिहावं का?

लेखणीवाली (खानापूर)

थंडी पडली की आपल्या बेळगाव भागात गावोगावी साहित्य संमेलनं लागतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी. सकाळी ग्रंथदिंडी, मग भाषणं, दुपारी पंगत, आणि पंगतीनंतरच्या कविसंमेलनात निम्मा मंडप पेंगुळलेला. अशाच एका संमेलनात (गाव सांगत नाही, पंगत चांगली होती) माझ्या मैत्रिणीच्या कादंबरीचं प्रकाशन झालं. मलपृष्ठावर चार ओळी माझ्या. माझ्या मागच्या कादंबरीवर तिच्या होत्या. पंगतीत मागच्या ओळीतले एक गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, "उंटाच्या लग्नात गाढव गवई! अहो रूपम्, अहो ध्वनिः!" हशा झाला. मीही हसले. आमटी मात्र घशाखाली उतरेना.

आम्ही दोघी प्रेमकादंबऱ्या लिहितो. ती वडगावात, मी खानापुरात. एकोणीस वर्षं झाली, कुणाचंही हस्तलिखित आधी दुसरीकडं जातं. साडीच्या दुकानाच्या पिशवीत फुलस्केपचा गठ्ठा घालायचा आणि बेळगावच्या स्टँडवर हातात द्यायचा. तो पेन्सिलच्या खुणांसकट परत येतो. तिच्या खुणा दोनच. वाचता वाचता गॅसवरचं भान सुटलं तर समासात लिहिते, "दूध उतू गेलं." आणि मजकूर कंटाळवाणा झाला तर, "इथं मेथी निवडली." माझ्या पहिल्या कादंबरीत सहा ठिकाणी मेथी होती. तीन दिवस तिच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी सहाही ठिकाणं कापली.

एक प्रसंग सांगते, मग तुम्हीच ठरवा. माझ्या एका कादंबरीत नायक नायिकेला म्हणतो, "मला तू आवडतीस, खरं…" आणि तेवढ्यात बस येते. आपल्याकडं 'खरं' म्हणजे 'पण', हे इथल्या पोरालाही कळतं. तो 'पण' पुढं काय होता, याची वाट बघत नायिकेची आठ प्रकरणं जातात. पुण्याच्या संपादकांनी ते केलं, "मला तू आवडतेस, खरंच!" उद्गारचिन्हासकट. प्रुफं मी दोनदा वाचली होती, दोन्ही वेळा नजरेतून सुटलं. मैत्रिणीचा फोन रात्री अकराला आला. "अगं, ह्यानं पान 31 वरच हो म्हटलंय, मग ही बया पुढं आठ प्रकरणं रडतीया कशाला?"

(पुण्याच्या मंडळींसाठी: आमच्याकडं बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात. कादंबरीत मात्र आम्ही शहाण्यासारखं 'येते, जाते' लिहितो. हा वेगळा धागा होईल.)

तर प्रश्न असा. जिला माझ्या वाक्यातला 'खरं' कळतो, तिनं माझ्या पुस्तकाच्या पाठीवर लिहायचं नाही, मग कुणी लिहायचं? मैत्री आहे म्हणून कौतुक दडवायचं, हा कुठला प्रामाणिकपणा?

निपाणीचा ग्रंथपाल

ताई, पंगतीत बोलायला नको होतं, हे मान्य. मुद्दा मात्र त्या गृहस्थांचाच बरोबर आहे.

तीस वर्षं वाचनालयाच्या टेबलामागं बसलोय. वर्गणीदार पुस्तक कसं निवडतात ते सांगतो. कपाटासमोर उभं राहायचं, पुस्तक उलटं करायचं, पाठ वाचायची, मग शेवटचं पान. पहिलं पान कुणी वाचत नाही. म्हणजे तुमच्या त्या चार ओळींवर बाई पुस्तक घरी नेते. परत करताना मला विचारते, "सर, ह्या दोघी एकमेकींच्या पुस्तकांवर पाळीपाळीनं लिहितात काय?" मी काय उत्तर देऊ?

आमच्याकडच्या प्रतींत वाचकही पेन्सिलीनं लिहितात. लिहू नये, दंड आहे, तरी लिहितात. "नायिका मूर्ख आहे." "शेवट गंडला." एकीनं तर आतल्या पानावर लिहिलं होतं, "पान 140 नंतर वाचू नये, जेवण करावं." ही खरी समीक्षा. हिच्यात ओळखदेख नाही, उपकार नाहीत, परतफेड नाही. तुमच्या पाठीवरच्या मजकुरात 'मेथी' कुठं दिसली नाही मला. तिथं फक्त दूध उतू जातं.

वडगावकर

आमच्या घरात दोन पिढ्या माग होता. आजोबा दुसऱ्या विणकराची साडी हातात आली की आधी उलटी करायचे. सुटलेले धागे, गाठी, काठाचा जोड, सगळं मागच्या बाजूला दिसतं. सरळ बाजू बघून कोणीही छान म्हणेल. उलट्या बाजूवर बोलायचा अधिकार मागावर बसलेल्यालाच. आजोबा आणि त्यांचा शेजारी एकमेकांच्या साड्यांची तारीफ करायचे म्हणून कुणी त्यांना गाढव म्हटल्याचं आठवत नाही.

निपाणीचा ग्रंथपाल

वडगावकर, बाई साडी नेसते ती सरळ बाजूनं. आणि तुमचे आजोबा शेजाऱ्याच्या साडीवर स्वतःच्या तारिफेची चिठ्ठी लावून दुकानात पाठवत नव्हते.

शहापूरचा, सध्या पुण्यात

इतिहास बघा की जरा. 1923 साली पुण्यात रविकिरण मंडळ निघालं. रविवारी चहाला जमायचं आणि एकमेकांच्या कविता ऐकायच्या. अत्र्यांनी 1925 मध्ये 'झेंडूची फुले' काढून त्या सगळ्या भावुकतेची अशी टर उडवली की ती विडंबनं आजही लोक म्हणून दाखवतात. आपापसातलं कौतुक फार झालं की हेच होतं.

याच्या उलट फडके आणि खांडेकर. दोघेही प्रेमाच्या कादंबऱ्या लिहिणारे, दोघांचाही कोल्हापूरशी संबंध, म्हणजे तुमच्यापासून जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. फडके राजाराम कॉलेजात शिकवत, खांडेकर शिरोड्याहून येऊन तिथंच स्थायिक झाले. फडक्यांची 'कलेसाठी कला' की खांडेकरांची 'जीवनासाठी कला' यावर मराठी वाचकांचे दोन तट पडले. लागोपाठच्या वर्षांत दोघेही संमेलनाध्यक्ष झाले, फडके 1940 ला रत्नागिरीत, खांडेकर 1941 ला सोलापुरात. एकाची पाठ दुसऱ्यानं थोपटावी लागली नाही. उलट त्या वादानं वाचक शहाणा झाला. तुम्हा दोघींत एखादा कडकडीत वाद होऊ दे, तो छापा. मी पहिली प्रत घेईन.

कॅम्पातली आजी

बाळ, अर्धं सांगितलंस. त्याच मंडळातल्या कवींनी गावोगाव जाऊन कविता गाऊन दाखवल्या, म्हणून त्या लोकांच्या तोंडी बसल्या. आणि ज्यांची टिंगल करायची त्यांच्या कविता अत्र्यांनाही आधी पाठ असाव्या लागल्याच की. मंडळ सुरू करणाऱ्यांत माडखोलकर होते. तेच पुढं 1946 ला आपल्या बेळगावच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले, जिथं संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. कादंबऱ्याही लिहिल्या त्यांनी. चहा पिऊन माणूस बिघडतोच असं नाही.

आणि आपल्या गावातलंच बोलायचं तर इंदिरा संत आणि ना. मा. संत यांचा 'सहवास' हा कवितासंग्रह दोघांच्या नावानं निघाला. नवराबायको एका मुखपृष्ठावर चालतात, मैत्रिणी चालत नाहीत?

शहापूरचा, सध्या पुण्यात

आजी, कविता एकत्र छापणं वेगळं आणि कवितेबद्दल प्रमाणपत्र देणं वेगळं. पण माडखोलकरांचं लक्षात नव्हतं, कबूल.

चिकोडीची सून

मी कन्नड शाळेत शिकले, मराठी सासरी आल्यावर वाचायला लागले. कन्नडमध्ये पुस्तकाच्या सुरुवातीच्या चार शब्दांना मुन्नुडी म्हणतात आणि पाठीवरच्या मजकुराला बेन्नुडी. बेन्नु म्हणजे पाठ, नुडी म्हणजे बोल. पाठीवरचं बोलणं. इथं मात्र सगळी भांडणं पाठीमागच्या बोलण्याची चाललीत. ते पंगतीतले गृहस्थ पाठीमागंच बोलले की.

मला वाटतं, ग्रंथपाल काकांचा राग ह्या दोघींवर नाही. प्रेमकादंबरीवर दुसरं कोणीच लिहीत नाही, त्याच्यावर आहे. पुरवणीत ऐतिहासिक कादंबरीला अर्धं पान मिळतं, प्रेमकादंबरीला 'पोच' ह्या सदरात एक ओळ. तीही नाव चुकवून. त्यात लेखिका सीमाभागातली, म्हणजे पुण्यामुंबईच्या कार्यक्रमाला जायचं तर रात्रीच्या गाडीचं तिकीट स्वतःच काढायचं. मग एकमेकींनी नाही लिहिलं तर पाठ कोरी जाईल.

निपाणीचा ग्रंथपाल

कोरी जाऊ दे. कोरी पाठ खोटं बोलत नाही.

आणि सूनबाई, 'आमच्यावर कुणी लिहीत नाही' ही तक्रार खरी आहे, पण ती गुणवत्तेचा पुरावा होत नाही. सीमाभागातली म्हणून सांभाळून घ्या, बाई म्हणून सांभाळून घ्या, प्रेमकथा म्हणून सांभाळून घ्या, असं करत करत आपण पुस्तकाला आजारी पोरासारखं वागवतो. माझ्याकडच्या बायका तसं वागवत नाहीत. आवडलं तर पुस्तक आठवडाभर परत येत नाही, नाही आवडलं तर दुसऱ्या दिवशी टेबलावर.

माझी मागणी साधी आहे. लिहा, पण मजकुराखाली छापा, 'लेखिका माझी एकोणीस वर्षांची मैत्रीण आहे.' बस. वाचक हिशेब करून घेईल.

लेखणीवाली (खानापूर)

ती ओळ छापायला माझी काहीच हरकत नाही. उलट अभिमानानं छापेन. मैत्री त्या कौतुकातूनच झाली आहे, हे लोक उलटं धरतात. तिची पहिली कादंबरी मी वाचनालयातून आणली तेव्हा ती कोण, कुठली, मला माहीत नव्हतं. मळलेली प्रत, मागची दोन पानं गायब. शेवट काय झाला हे विचारायला मी प्रकाशकाला पत्र लिहिलं. त्यांनी ते तिच्याकडं पाठवलं. तिनं गायब झालेली दोन पानं हातानं लिहून पाठवली. अशी सुरुवात आहे. कौतुक आधी, चहा नंतर.

आता एक कबुली, कारण ग्रंथपाल काकांच्या मेथीच्या वाक्यानं दोन रात्री झोप नाही. तिच्या ह्या नव्या कादंबरीचा पूर्वार्ध वाचताना माझं दूध खरोखर उतू गेलं. विहिरीवरचा प्रसंग आहे, नायिका कळशी भरून काठावर ठेवते आणि तो आला नाही म्हणून पाणी परत विहिरीत ओतते. चार वेळा. पाचव्या वेळी तो येतो आणि विचारतो, "कळशी रिकामी कशी?" असं मला ह्या जन्मात सुचणार नाही. हेवा वाटला, सरळ सांगते.

पण पान 112 ते 130 मध्ये सासरच्या घराण्याची हकिकत येते. तिथं मी शेपू निवडला. तिला मी ते सांगितलं. तिनं ती पानं ठेवली. आणि मलपृष्ठावर मी फक्त विहिरीबद्दल लिहिलं.

खोटं एक अक्षर लिहिलं नाही. निम्मं लिहिलं.

निपाणीचा ग्रंथपाल

तेच तर म्हणतोय मी कधीपासून.

वडगावकर

काका, तुम्ही तुमच्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांना जावयाचा पगार सांगितला होता की कर्जही?

निपाणीचा ग्रंथपाल

कर्ज विचारणाऱ्यांना सांगितलं होतं. वाचनालयात मी विचारणारा आहे.

कॅम्पातली आजी

मला ते 112 ते 130 वाचायचंय. कुठं मिळेल पुस्तक? मला घराण्यांच्या हकिकती आवडतात, निवडायला भाजी आणून ठेवतो.

मेथीवाली (वडगाव)

सुनेनं धागा दाखवला म्हणून लिहितो. पहिल्यांदाच लिहितोय इथं, चुकलं तर सांभाळा.

खानापूरकरीण, तू शेपू निवडलास ते तू सांगायच्या आधीच कळलं होतं मला. पान 118 वर हिरवा डाग होता. तरी ती पानं मी ठेवली, कारण ती हकिकत माझ्या आईच्या माहेरची आहे आणि ती लिहून ठेवणारं दुसरं कोणी उरलेलं नाही. कादंबरीला त्याची गरज नव्हती, हे मला पटतंय. मला होती.

ग्रंथपाल साहेब, तुमच्या वाचनालयात माझ्या पुस्तकांत बायका पेन्सिलीनं काय लिहितात ते एकदा येऊन बघायचंय. दंड भरतो पाहिजे तर.

आणि तू गं, पुढच्या वेळी पाठीवर शेपूचंही लिही. खरं, दूध उतू गेलं तेही राहू दे. रविवारी गठ्ठा घेऊन स्टँडवर येतो. नऊच्या गाडीनं ये, मागच्या वेळी तासभर उभी केलीस.