भाजल्याच्या व्रणांचे अपंगत्व निवृत्तिवेतन: अपिलात काय पाहतात?

प्रश्न (ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून): सैन्यात कर्तव्यावर असताना भाजल्यामुळे माझ्या वडिलांच्या उजव्या हातावर व्रण राहिले. वैद्यकीय मंडळाने अपंगत्व २० टक्क्यांहून कमी ठरवल्याने मागणी नामंजूर झाली. अपिलात कशावर भर द्यावा?

उत्तर १: व्रण किती मोठा दिसतो यापेक्षा त्यामुळे काय अडते, हे आधी मांडावे. कातडी आखडल्याने बोटे पूर्ण सरळ होतात का, पकड टिकते का, व्रण वारंवार फुटून चिघळतो का, हे सांध्याच्या हालचालीच्या मोजमापासह नोंदवणारा तज्ज्ञांचा अहवाल नसेल, तर अपील केवळ तक्रार ठरते, आणि हे मला फार अन्यायकारक वाटते.

उत्तर २: टक्केवारीइतकाच दुखापतीचा सेवेशी असलेला संबंधही महत्त्वाचा आहे. धरमवीर सिंह प्रकरणातील २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल अनेकजण पुढे करतात. परंतु तो मुख्यतः भरतीच्या वेळी नोंद नसलेले आजार सेवेमुळे झाले असे गृहीत धरण्याविषयी आहे. दुखापतीसाठी त्यावेळचा अपघात अहवाल व रुग्णालयाची कागदपत्रे मिळवावीत.

उत्तर ३: विभागीय अपिले फेटाळली गेल्यास मध्य प्रदेशातील अर्जदारांना सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या जबलपूर खंडपीठाकडे जाता येते. तेथे नव्या वैद्यकीय मंडळाकडून फेरतपासणीची मागणी अवश्य करावी.