'१२ लाखांपर्यंत कर नाही' हे भागीदारी फर्मला लागू का नाही? मदत हवी आहे

मंडळी, जाणकारांचं मार्गदर्शन हवंय. मी आणि धाकटा भाऊ पुठ्ठ्याचे बॉक्स बनवतो. भागीदारी फर्म आहे, भागीदार आम्ही दोघंच आणि दोघंही पूर्णवेळ. उलाढाल १ कोटी ६० लाखांच्या आसपास, जवळपास सगळी बँकेतून. भागीदारांचा पगार धरण्याआधीचा नफा २०२५-२६ ला १४ लाखांच्या घरात जाईल.

२०२५ चं बजेट आलं तेव्हा जो तो अभिनंदन करत होता, तुम्हाला आता करच नाही म्हणून. सीएंनी कागद समोर ठेवला तेव्हा कळलं की फर्मला स्लॅब नाही आणि ८७अ ची सूटही (जिच्यामुळे व्यक्तीचा १२ लाखांपर्यंतचा कर शून्य होतो) नाही. पगार, व्याज वजा जाऊन जे उरेल त्यावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के, वर ४ टक्के सेस. त्यात १ एप्रिल २०२५ पासून १९४टी हे नवं कलम आलंय. वर्षाला २० हजारांच्या वर पगार-व्याज गेलं की आमच्याच फर्मने आमचाच १० टक्के टीडीएस कापायचा! त्यासाठी टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) घ्या, दर तिमाहीला रिटर्न भरा.

प्रश्न असे:
१) फर्म बंद करून दोघांनी वेगवेगळी प्रोप्रायटरशिप काढावी का?
२) ४४एडी मध्ये (उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा धरून कर भरायची सोय) जाणं सोपं पडेल का?
३) कागदाचे रोल आम्ही एका छोट्या मिलकडून आणि एका व्यापाऱ्याकडून घेतो. आमचे ग्राहक ९० दिवसांनी पैसे देतात, मग लहान पुरवठादारांना ४५ दिवसांत पैसे द्यायचा जो नियम आहे, त्याप्रमाणे आम्ही कुठून द्यायचे? ३१ मार्चला थकलेली बिलं खरंच नफ्यात मिळवतात का?

प्रतिसाद १
दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथे मोठा खड्डा आहे. ४४एडी मध्ये ६ टक्के धरले तरी ९ लाख ६० हजार नफा दाखवावा लागेल, आणि त्यातून भागीदारांचा पगार वजा होत नाही. म्हणजे सरळ २ लाख ९९ हजार कर. शिवाय खरा नफा १४ लाख असताना ६ टक्क्यांवर थांबताही येत नाही. तो विषय सोडाच.

आता तुमचा आजचा हिशेब. भागीदारांचा जेवढा पगार वजा करता येतो त्याची मर्यादा २०२४-२५ पासून वाढली आहे: नफ्याच्या पहिल्या ६ लाखांवर ९० टक्के, पुढच्यावर ६० टक्के. १४ लाखांवर १० लाख २० हजार बसतात. उरले ३ लाख ८० हजार, त्यावर फर्मचा कर १,१८,५६०. तुम्हा दोघांना प्रत्येकी ५ लाख १० हजार मिळतील आणि नव्या प्रणालीत वैयक्तिक कर शून्य. (या पगारावर ७५ हजारांची प्रमाणित वजावट मात्र मागू नका, कायद्याने ते धंद्याचं उत्पन्न आहे.) कापलेला टीडीएस रिफंडमध्ये परत येईल, पण तोवर लाखभर रुपये अडकलेच.

प्रतिसाद २
डीडमध्ये (भागीदारी करारात) भांडवलावर व्याजाचं कलम आहे का ते आधी पाहा. १२ टक्क्यांपर्यंत चालतं. समजा दोघांचं भांडवल ८-८ लाख असेल, तर १ लाख ९२ हजार व्याज आधी वजा होईल आणि फर्मचा कर साधारण २४ हजारांनी उतरेल. हे न करता फर्म मोडायला निघणं घाईचं आहे. प्रोप्रायटरशिपमध्ये ७-७ लाख दाखवून कर शून्य होतो हे खरं, पण पॅन बदलला की जीएसटी नोंदणी नवी, बँकेची सीसी (कॅश क्रेडिट) मर्यादा नव्याने, ग्राहकांकडे व्हेंडर कोडही नवा. आणि एक मशीन दोघांत कसं वाटणार?

प्रतिसाद ३
तिसऱ्याबद्दल: ४३बी(एच), म्हणजे तुम्ही म्हणता तो ४५ दिवसांचा नियम, फक्त सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या बिलांना लागतो. मिल उद्यम-नोंदणीकृत (सरकारकडे सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली) उत्पादक असेल तर लेखी करार नसताना १५ दिवस, करार असला तरी जास्तीत जास्त ४५. मुदत उलटून ३१ मार्चला बाकी राहिली तर तो खर्च त्या वर्षी मिळत नाही, पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. व्यापाऱ्याची थकबाकी यात येत नाही, त्याने उद्यम नोंदणी केलेली असली तरी. तेव्हा मार्चमध्ये हात आखडता घ्यायचा असेल तर आधी मिलचे पैसे चुकते करा. तुमचीही उद्यम नोंदणी असेल तर तुमच्या ९० दिवसवाल्या ग्राहकालाही हेच कलम लागतं. बिलावर उद्यम क्रमांक छापता ना?

धागाकर्ता
छापत होतो. एका मोठ्या ग्राहकाने 'तो क्रमांक काढा, मग ऑर्डर देऊ' असं सुचवलं, म्हणून सध्या त्याच्या बिलावर नाही. डीड काढून पाहिलं, व्याजाचं कलम नाहीच. आता दुरुस्ती केली तर एप्रिलपासूनचं व्याज धरता येईल का?

प्रतिसाद २
नाही. दुरुस्तीच्या तारखेच्या आधीच्या काळाचं पगार-व्याज वजावटीला चालत नाही. डीड जितकं लवकर कराल तितके महिने हातात. आणि दुरुस्ती करतच आहात तर पगाराचं कलमही तपासा. रक्कम किंवा ती मोजायची रीत स्पष्ट लिहिलेली हवी, 'परस्पर संमतीने ठरेल' एवढ्यावर अधिकारी अडवतात.