मास्टरचं मेन करून नक्की मिळवलं काय?

टर्मिनलवाला: गिटमध्ये (कोडचे बदल जपून ठेवणारं टूल) मुख्य ब्रांचचं, म्हणजे कोडच्या मूळ फांदीचं, नाव मास्टर असायचं, हल्ली लोक ते मेन करतात. काल जुन्या रेपोत (प्रोजेक्टच्या कोडचा साठा) पुल मारला, म्हणजे सर्व्हरवरचा नवा कोड ओढायला गेलो, तर 'फेटल: कुडन्ट फाइंड रिमोट रेफ मास्टर'. मधे कुणीतरी ब्रांचचं नाव मेन करून टाकलेलं आणि टीमला सांगितलंच नाही. बरं तेही चाललं असतं, पण आमची डिप्लॉयची (कोड लाइव्ह चढवणारी) स्क्रिप्ट मास्टरवर पुश व्हायची (नवा कोड तिथे पाठवला जायची) वाट बघत बसलेली, ना एरर ना काही, नुसती गप्प, दोन दिवस नवा कोड लाइव्ह गेलाच नाही. म्हणे मास्टर म्हटलं की मालक-गुलाम आठवतं, पण गिटमध्ये स्लेव्ह (गुलाम) नावाची ब्रांच कधी होती का? मग कशाला हा उपद्व्याप?

रीबेस_राणी: स्क्रिप्टमध्ये नाव हार्डकोड (थेट लिहून पक्कं) तुम्ही केलं आणि खापर मेनवर? गिटहबने (गिटचे रेपो ठेवायची वेबसाइट) १ ऑक्टोबर २०२० पासून फक्त नव्या रेपोंना मेन दिलं, जुन्यांना हात लावला नाही. तुमचं तुमच्याच माणसाने बदललं. आणि स्लेव्हचं म्हणाल तर गिटच्या आधी लिनक्सवाले जे बिटकीपर नावाचं तसंच टूल वापरायचे त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्ये मास्टर आणि स्लेव्ह रेपॉझिटरी दोन्ही होत्या.

टर्मिनलवाला: बिटकीपरचं बिटकीपरपाशी. २००५ मध्ये गिटला ज्याने हे नाव दिलं तो स्वतःच म्हणालाय की डोक्यात मास्टर रेकॉर्डिंग होतं, गाण्याची मूळ प्रत असते ना, ते.

रीबेस_राणी: अर्धंच वाचलंत 😄 तोच पुढे म्हणालाय की मेन ठेवलं असतं तर बरं झालं असतं असं कितीदा तरी वाटलं.

डिटॅच्ड_हेड: तुमचं मास्टर-मेन चालू द्या, मला दोन्हीचं सोयरसुतक नाही. गिटसारखीच टूल्स बघा, मुख्य ब्रांचचं नाव सबव्हर्जनमध्ये ट्रंक होतं, मर्क्युरियलमध्ये डीफॉल्ट, कुणाचं अडलं? खरी कटकट आहे ती अर्धवट बदलाची. गिटहब मेन देतं आणि आपल्या मशीनवर गिट इनिट (नवा रेपो सुरू करायची कमांड) केलं की अजून मास्टर. नवीन मुलगा वेबसाइटवर रीडमी (प्रोजेक्टच्या माहितीची फाइल) टिक करून रेपो बनवतो, इकडे लोकलला वेगळं इनिट करतो, पुश करतो, झाल्या दोन ब्रांचेस. मग पुल रिक्वेस्ट (एका ब्रांचचे बदल दुसरीत घ्यायची विनंती) काढायला गेला की दोघींच्या हिस्टरीचा एकमेकींशी संबंध नाही म्हणून ती उघडतच नाही, आणि त्याला वाटतं आपल्याला गिट येत नाही. गिट ३.० मध्ये इनिटलाही मेन येणार म्हणतात. तोवर गिट २.२८ पासून 'इनिट.डीफॉल्टब्रांच' सेटिंग आहे, एकदा मेन करून ठेवा आणि विसरा.

टर्मिनलवाला: ते आज केलं. स्क्रिप्टही सुधारली. फक्त घाईत सगळ्या फाइल्सवर सेड (शब्द शोधून बदलणारी कमांड) मारून मास्टरचं मेन केलं, तर कॉन्टॅक्ट पेजवर वेबमास्टरच्या जागी 'वेबमेन' आलंय.

रीबेस_राणी: रिव्हर्ट करा आधी, म्हणजे तो बदल मागे घ्या. मास्टरवर की मेनवर ते विचारत नाही.