लुडिक्रस आणि रिडिक्युलस, लिहिताना फरक काय?

देवगडची पोर: कॉलेजच्या इंग्रजी लेखात मी दशावतारी नाटकातल्या संकासुर या विनोदी पात्राला लुडिक्रस लिहिलं तर सरांनी लाल गोल केला, रिडिक्युलस पण नको म्हणाले, मग लिहू काय?

मांडवीकर: सरांचं बरोबर आहे गं. लुडिक्रस लॅटिन लुडस म्हणजे खेळ यावरून आलाय, 17व्या शतकात अर्थ खेळकर असाच होता पण आता त्यात हेटाळणी आहे, म्हणजे इतकं अचाट की हसूच फुटावं. रिडिक्युलस हसण्यावरून, तोही टोचतोच. संकासुर मुद्दाम हसवतो, मालवणीत बोलून अख्खी जत्रा हसवतो, ती कला आहे! कॉमिक लिही.

बंदरावरचा: कॉमिकल नको हां, त्यात नकळत हसू होण्याची छटा येते.

देवगडची पोर: कॉमिकच लिहिते, थँक्यू दादा!