धंद्यात दिलेला शब्द: तो पाळायला तुम्हाला काय मोजावं लागलं?

धंद्यात शब्दाला किंमत असते असं सगळेच म्हणतात. ती किंमत प्रत्यक्षात कोण मोजतो, केव्हा मोजतो आणि मोजलेली वसूल होते का, हे ऐकावं म्हणून हा धागा. मी नाशकात रविवार कारंजाजवळ लोकांचे हिशेब लिहितो. मला माणूस भेटायच्या आधी त्याची देणी भेटतात. गोड बोलणारी पार्टी बिलाला चार-चार महिने लावते आणि फोनवर खेकसणारा मालक सात तारखेला न चुकता पैसे सोडतो, हे इतकं पाहिलंय की बोलण्यावरून अंदाज बांधणं सोडून दिलं. लिहिताना ज्याने बुडवलं त्याचं नाव टाकू नका. आणि उपदेश नको, प्रसंग सांगा.

सातपूर, टर्निंगचं (लेथवरचं) जॉबवर्क

आमच्याकडे शब्द म्हणजे शेड्यूल, ठरल्या तारखेला माल. आपल्या पार्टसाठी वरच्या कंपनीची लाइन थांबली तर पैसे कापले जातात आणि पुढच्या पीओला, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरला, नाव मागे पडतं. एकदा हीट ट्रीटमेंटवाल्याची भट्टी बंद पडली. माल शुक्रवारी द्यायचा, बातमी बुधवारी कळलेली. अशा वेळी आमच्या धंद्यातली रीत काय, तर फोन उचलायचा नाही आणि शुक्रवारी संध्याकाळी "टेम्पो निघालाय" म्हणायचं. मी बुधवारी दुपारीच खरेदीच्या साहेबांना सांगितलं: अर्धा माल येईल, बाकी सोमवारी. भरपूर ऐकून घेतलं. पण त्यांनी दुसऱ्या मॉडेलचं काम पुढे ओढलं आणि लाइन चालू राहिली. तो अर्धा मालही मी अंबडच्या दुसऱ्या भट्टीतून जादा दराने करून घेतला होता, त्यात त्या लॉटचा नफा गेला. काही महिन्यांनी त्याच साहेबांनी नव्या पार्टचं ड्रॉइंग हातात दिलं, "दर नंतर बघू" म्हणत.

आता उलटी बाजू. आमच्याकडून दिवसाचा हिशेब घेतात, आमच्या बिलाला मात्र "चेक सहीला गेलाय". ती सही कुठल्या देशात होते कुणास ठाऊक.

धागाकर्ता

सहीची मुदत कायद्यात लिहिलेली आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही मासिक चक्रवाढीने. हे व्याज मागणारा मला अजून भेटायचाय, कारण मागितलं की पुढचा पीओ नाही. फरक पडला तो आयकराच्या ४३बी(एच) कलमाने, आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून. मुदतीत पैसे दिले नाहीत तर माल घेणाऱ्याच्या उत्पन्नातून तो खर्च त्या वर्षी वजा होत नाही, पैसे देतील त्या वर्षी होतो. त्या मार्चमध्ये अडलेली बिलं पटापट निघाली. तुमचं उद्यम प्रमाणपत्र (लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणीचं) बिलासोबत जोडत जा. नोंद निव्वळ व्यापारी म्हणून असेल तर मात्र हा फायदा नाही.

कॉलेज रोड, ब्लाउज शिवते

दसऱ्याच्या आधीच पाटी लावते: दिवाळीचे ब्लाउज घेणे बंद. पहिल्या वर्षी बायका चिडल्या, दोघी-तिघी कायमच्या गेल्या. आता बाकीच्या श्रावणातच कापड आणून टाकतात.

निफाड, द्राक्षबाग

ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, घेतली की साधारण चार महिन्यांनी माल तयार. तोवर औषधं, खतं, मजुरी, सगळं उधारीवर. कृषी सेवा केंद्रवाला आमच्या शब्दावर औषध देतो आणि आम्ही तो शब्द व्यापाऱ्याच्या शब्दावर देतो. व्यापारी बागेत येतो, मण्याचा आकार बघतो, गोडी बघतो, भाव ठरतो, थोडा इसार हातावर ठेवतो, काढणीची तारीख सांगतो. कागद कसला नाही.

बाजार पडला की ती तारीख सरकायला लागते. "गोडी यायचीय अजून", "गाडी मिळेना". इकडे बाग तयार. रात्री ढग आले की झोप लागत नाही, कारण अवकाळीत तयार मणी तडकतो आणि तडकलेल्या मालाला व्यापारी म्हणेल तो भाव. बाजार चढला की उलटं. दुसरा व्यापारी दोन रुपये वाढवून बांधावर उभा, आणि आपला माणूस इसार परत करायला निघालेला. खरं सांगू का, गावातले बरेच वाद आपल्याच लोकांनी ओढवून घेतलेले असतात.

एका वर्षी वडिलांचा सौदा झाला आणि आठवड्यात भाव किलोला पाच-सहा रुपयांनी वर गेला. चुलत्यांनी घर डोक्यावर घेतलं. वडील म्हणाले, "माल त्याचा झालाय. आपल्याकडे नुसता झाडावर ठेवलाय." दिला. पुढच्या वर्षी व्यापाऱ्याने त्याबद्दल चार पैसे वाढवून दिले असं काही झालं नाही, बाजारभावच दिला. पण फेब्रुवारीत पावसाची बातमी आली तेव्हा त्याची काढणीची टोळी सगळ्यात आधी आमच्या बागेत उतरली. पाऊस आला तेव्हा आमचा माल गाडीत होता, शेजारच्यांचा वेलीवर.

बुडवणाऱ्यांचं सांगतो. बाहेरून आलेला, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख, जागेवर. तिसऱ्या मोठ्या गाडीनंतर फोन बंद. पहिल्या गाड्यांचा रोकडा हे त्याचं भांडवल असतं. आमच्याकडे लोक त्या रोकड्यालाच विश्वास समजतात.

दिंडोरी, द्राक्ष खरेदी

दादा, वडिलांना नमस्कार सांगा. आमची अडचणही ऐका. निर्यातीच्या मालात शब्द पुरता माझ्या हातात नसतो. नमुना लॅबला जातो, औषधाचा अंश मर्यादेच्या वर निघाला की तो प्लॉट युरोपला बंद. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या औषधावरून आपले कंटेनर तिकडे अडकले ते इथल्या प्रत्येकाला आठवत असेल. त्यात शेतकरीही भरडला, निर्यातदारही. तेव्हापासून सौद्याच्या वेळीच सांगतो: हा भाव लॅबचा निकाल बरा आला तर, नाहीतर लोकल मालाचा हा दुसरा भाव. दोन भाव ऐकून काहीजण उठून जातात. जाऊ देतो.

पंचवटी, लॉज

२०१५ च्या सिंहस्थाला जुन्या यात्रेकरूंना फोनवरच खोल्या देऊन बसलो होतो, नेहमीच्या भावात. नंतर तिप्पट देणारे आले. लाइनीतल्या लोकांनी वेड्यात काढलं. २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला बॅरिकेडिंग इतकं कडक होतं की गर्दी अपेक्षेपेक्षा कमी आली. तिप्पट भावाची वाट बघणाऱ्यांच्या खोल्या रिकाम्या राहिल्या, माझ्या भरलेल्या. लगेच टाळ्या वाजवू नका. १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या पर्वणीला गर्दी उसळली आणि तेव्हा जुन्या भावाने मला चांगलंच कापलं. एकूण बरोबरीत सुटलो. आता २०२७ साठी विचारणा सुरू आहे. खोलीचा शब्द देतो, भावाचा देत नाही. भावाशिवाय दिलेला शब्द अर्धाच, असं आमची ही म्हणते. तिचं बरोबर असावं.

पाथर्डी फाटा, फ्लॅट घेतलेला गिऱ्हाईक

सेल्समन म्हणाला, "दिवाळीला चावी." करारात ताब्याची तारीख पुढच्या वर्षीच्या डिसेंबरची. रेरात, म्हणजे बिल्डरांवरच्या कायद्यात, मोजली जाते करारातली तारीख. ती चुकली तर कलम १८ खाली पैसे परत मागता येतात, किंवा ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज. दिवाळीच्या गप्पांना तिथे कुणी विचारत नाही. तोवर मी राहत्या घराचं भाडं भरत राहिलो.

येवला, पैठणीचं दुकान

आमच्याकडे तारखेपेक्षा मोठी फसवणूक वेगळीच असते. साध्या बुट्ट्यांची पैठणी मागावर काही आठवडे घेते, भरल्या पदराची कित्येक महिने. विणकराच्या घरी आजारपण आलं, रेशीम उशिरा आलं, की लग्नाची तारीख जवळ येते. मग काही दुकानं काय करतात, तर पॉवरलूमची त्याच रंगाची साडी "तीच" म्हणून देतात. लग्नघाईत कळत नाही, वर्षभराने कुणी जाणकार साडी उलटी करून बघते तेव्हा कळतं. आम्ही लग्नाच्या ऑर्डरला तारीख सांगताना विणकरालाच फोन लावतो, गिऱ्हाईक समोर असताना. तो म्हणेल ती तारीख. बरीच गिऱ्हाइकं तेव्हाच दुसरी, तयार साडी बघायला लागतात.

पिंपळगाव बसवंत, कांदा निर्यात

८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी लागली. लिलावात घेतलेला कांदा खळ्यावर, दुबईच्या पार्टीला माल ठरलेला. रात्रीच फोन करून सांगितलं, येत नाही. शेतकऱ्यांच्या पट्ट्या (मालाची बिलं) मात्र बोलल्या भावाने चुकत्या केल्या, कारण त्या मोडल्या तर उद्या लिलावात माझ्यापुढे ट्रॅक्टर कोण लावणार? कांदा देशात पडत्या भावाने विकला. मे २०२४ मध्ये बंदी उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. पुन्हा दुबईला विचारलं तर तो पाकिस्तानच्या कांद्यावर स्थिरावला होता. म्हणाला, "तू खोटा नाहीस, पण तुझ्या मालाचा भरवसा नाही." त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. पुढे शुल्क घटत घटत १ एप्रिल २०२५ ला गेलं, तो अजून थोडाच माल घेतो.

धागाकर्ता

निफाडच्या दादांना एक विचारायचंय. अजूनही सौदा तोंडीच का?

निफाड, द्राक्षबाग

नाही. दोन हंगामांपासून वहीच्या पानावर लिहून दोघांच्या मोबाइलवर फोटो काढतो: भाव, मण्याचा आकार, काढणीची शेवटची तारीख, आणि खाली "त्यानंतर माल मोकळा, इसार परत नाही". शेवटच्या ओळीवर एका व्यापाऱ्याने तासभर घासाघीस केली आणि तारीख चार दिवस पुढे नेऊन सही केली. सही केल्यावर मात्र तो तारखेच्या दोन दिवस आधीच आला.